शेवटच्या पानाच्या तळाची ओळ

नमस्कार मंडळी. येताना मी पिशवीतून आजचा पेपर घेऊन आलेय, कुठला ते जाऊ द्या, तुमच्या घरी येतो तोच समजा. आता मला सांगा, पेपर हातात आला की आपण काय बघतो? पहिलं पान, मग निधन वार्ता, मग बाजारभाव, राशिभविष्य, झालं. पण शेवटच्या पानावर अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते, ती कोणी वाचतं का? हे वृत्तपत्र अमुक यांनी अमुक प्रेसमध्ये छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक, बातम्यांची जबाबदारी त्यांची. आम्ही तिला प्रिंटलाइन म्हणायचो. मी नाशकात एका पेपरच्या डेस्कवर २६ वर्षं काढली, आणि रात्री पान सोडायच्या आधी कितीही घाई असली तरी तारीख, वार आणि ही ओळ बघितल्याशिवाय पान खाली छपाईला जायचं नाही.

ही सक्ती १८६७ च्या कायद्याने आली. इंग्रजांनी काही आपल्या भल्यासाठी आणली नव्हती, सरकारविरुद्ध कोणी छापलं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून आणली. पण त्यातून वाचकाला एक दार मिळालं, तक्रार घेऊन जायला.

मी हे अनुभवाने सांगतेय. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती, एका रात्री श्रद्धांजलीच्या जाहिरातीत फोटोंची अदलाबदल झाली, एका जिवंत माणसाचा फोटो दुसऱ्याच्या नावाखाली गेला. सकाळी साडेनऊला ते गृहस्थ स्वतः ऑफिसच्या दारात उभे. हातात पेपर, सोबत त्यांची बायको, आणि त्या बाई रडून रडून सुजलेल्या, कारण पहाटेपासून नातेवाइकांचे फोन येत होते. ते ओरडले नाहीत. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, इथं पत्ता दिलाय म्हणून आलो. संपादकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, मला समोर बोलावलं, मी हात जोडून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी त्याच पानावर चौकटीत खुलासा छापला. ती चौकट मीच लिहिली. चार ओळी होत्या, लिहायला दोन तास लागले.

याहून मोठं उदाहरण १८८२ चं. केसरी तेव्हा नवाच, आदल्या वर्षी निघालेला. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय आणि त्यात दिवाण माधवराव बर्व्यांचा हात आहे, अशी काही पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली, त्यांनी विश्वास ठेवून लिहिलं आणि पत्रं निघाली बनावट. खटला झाला, दोघांनी माफीही मागितली, तरी चार महिन्यांची कैद झालीच, त्यातले १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. खोटी बातमी आज जन्माला आली असं नाहीये बघा, टिळकांच्या हातातसुद्धा ती आली होती. फरक एवढाच की तेव्हा तिच्या मागे दोन माणसं नावानिशी उभी होती.

आता परवाच्या पावसाळ्यातली गोष्ट. पाऊस तीन दिवस थांबायचं नाव घेत नव्हता, गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता, आणि रात्री अकराला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की धरणाला तडा गेलाय, पंचवटी खाली करा, पुढे चार लाल दिवे आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. सोबत पुराचा एक व्हिडीओ. त्या व्हिडीओत दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली ती मूर्ती, जिच्यावरून आम्ही नाशिककर पुराची पातळी बघतो, पूर्ण बुडालेला, आणि त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः घाटावर बघून आले होते, पाणी त्याच्या कमरेलाही नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात, पंचाहत्तरीच्या. त्या गुडघ्यांवर हात ठेवत एकेक पायरी चढत माझ्या दाराशी आल्या, एका हातात देवांचा डबा, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, पायात चपला नाहीत. पोरी, मला वर घे, म्हणाल्या.

त्यांना झोपवल्यावर मी शोधायला बसले की हे पाठवलं कोणी. ज्याने टाकलं त्याला फोन केला, तो म्हणाला मला मेव्हण्याने पाठवलं. मेव्हण्याला ऑफिसच्या ग्रुपवर आलं होतं. ऑफिसवाल्याला गावाकडच्या ग्रुपवर. प्रत्येक जण तेच म्हणाला, मॅडम मला पण आलंच होतं. साडेबारापर्यंत सहा फोन केले आणि सहाव्याच्या पुढे रस्ताच संपला. चांगली माणसं होती हो सगळी, कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या आजींनी कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं?

आणि हे नुसतं घाबरवून थांबत नाही. १ जुलै २०१८, शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पोटासाठी फिरणारी माणसं. त्याच दिवशी आपल्या मालेगावात अशाच जमावाच्या तावडीतून पोलिसांनी एका कुटुंबाला सोडवलं, त्यात दोन वर्षांचं लेकरू होतं. त्यानंतर आठ-दहा दिवसांत व्हॉट्सॲपने काय केलं माहितीये? अफवा कशी ओळखावी याच्या पानभर जाहिराती दिल्या, आणि दिल्या कुठे, तर छापील पेपरात. मी डेस्कवर ते पान उघडून कितीतरी वेळ बघत बसले होते. मग फॉरवर्ड एका वेळी पाचच जणांना करता येईल अशी मर्यादा आली, २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजला एकच चॅट. चांगलं केलं, पण वेग कमी झाला, नाव काही लागलं नाही.

प्रिंटलाइन असली की सगळं खरंच असतं असं मी म्हणत नाहीये, खोटं कशाला बोलू. २००९ च्या निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचं प्रकरण आपल्याच महाराष्ट्रात गाजलं, प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली. आम्हा पेपरवाल्यांना मान खाली घालायला लावणारी गोष्ट होती ती. पण पकडलं गेलं कशामुळे, तर अंक समोर होते, तारीखवार, वेगवेगळ्या पेपरांत तोच मजकूर शब्दन्शब्द छापलेला. छापलेलं गुपचूप डिलीट करता येत नाही.

मोबाईलने दिलेलंही खूप आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातबंदीचं नोटिफिकेशन काढलं, दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा हायवे अडवला गेला. ज्याची ट्रॉली भरून उभी आहे त्याला तो सरकारी कागद रात्रीतून मोबाईलवर मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, आमचा पेपर हातात पडेपर्यंत त्याचा माल मार्केटात गेला असता. त्यामुळे पेपर परत आणा असं म्हणायला मी आलेलेच नाही. आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट, कोरोनाआधी १९ घरी पेपर यायचा. पेपरवरून कोरोना पसरतो म्हणून मेसेज फिरले, एप्रिल २०२० मध्ये सरकारनेही काही दिवस घरोघरी पेपर टाकायला मनाई केली, तेव्हा बंद केलेले बऱ्याच जणांनी परत लावलेच नाहीत. आज ७ घरं आहेत. आमच्या पेपरवाल्याने पेपर टाकायच्या दोन लाईनी एकत्र केल्या तरी सायकल पूर्वीएवढी भरत नाही.

मला फक्त ती तळाची ओळ हवीये, मोबाईलवरही. न्यूज पोर्टलना २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, एकदा वेबसाईटच्या तळाशी जाऊन बघा, कितींनी दिलंय आणि कितींचा नुसताच लोगो आहे. २०२७ ला आपल्याकडे कुंभमेळा आहे. २००३ च्या कुंभात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली, आणि तेव्हा कोणाच्या खिशात व्हॉट्सॲप नव्हतं. उद्या त्या गर्दीत धरणाचा तो मेसेज आला तर काय होईल, या विचाराने मला खरंच झोप येत नाही.

त्या रात्रीनंतर आमच्या ग्रुपवर मी एकच करते, काहीही आलं की विचारते, कोणी बघितलं, कुठून, किती वाजता. सुरुवातीला लोक चिडले, दोघं ग्रुप सोडून गेले. पण बी विंगमधला एक इंजिनिअरिंगचा मुलगा आता पावसाळ्यात रोज घाटावर जातो. परवा त्याचा मेसेज आला, 'सकाळी ७.१०, घाटाच्या वरच्या रस्त्यावरून, मारुतीच्या गुडघ्याला पाणी, फोटो मी आत्ता काढलाय.' आणि खाली त्याचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर.