काय काढावं सुचत नाही? थोडा वेळ कॅमेरा खाली ठेवा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त लाइक मिळालेली कमेंट आधी वाचते. "ताई, कॅमेरा घेतला, मोठी लेन्सही घेतली, पण आता काय काढावं तेच सुचत नाही. इन्स्टावर सगळ्यांनी सगळं काढून झालंय." याच अर्थाच्या कमेंट इतक्या आल्यात की आजचा ठरलेला विषय मी बाजूला ठेवलाय.

सेटिंगचं पटकन उरकते, कारण ते विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. उडणारा पक्षी असेल तर शटर १/२००० सेकंदाच्या आसपास. कुस्ती, कबड्डी, धावणं यांना १/१००० ला बहुतेक वेळा भागतं. उजेड उतरला तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेल्या फोटोला इलाज नाही. डोंगरदऱ्यांसाठी ट्रायपॉड, आयएसओ १००, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ ८ ते एफ ११. हलणाऱ्या गोष्टींना कंटिन्यूअस फोकस (सतत जुळत राहणारा) आणि बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरलं की सलग फोटो. झालं, पुढे जाऊ.

आता खरा मुद्दा. माझा अनुभव सांगते. समोरचा प्राणी, खेळाडू किंवा ढग पुढच्या क्षणी काय करणार, याचा अंदाज यायला लागला की सुचण्याचा प्रश्न उरत नाही. उलट एका जागी बसून किती काढू आणि किती नको असं होतं. हे आज मी परत परत सांगणार आहे, कारण कमेंटमध्ये प्रश्न येतात ते लेन्सचे. "आधी काय बघू?" असं क्वचितच कुणी विचारतं.

भिगवण घ्या. उजनी धरणाचं बॅकवॉटर, कुंभारगावातून होडी, आणि हिवाळ्यात आलेले रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो. प्रत्येकाला त्यांचा उडतानाचा फोटो हवा असतो. पण रोहित जागेवरून सरळ वर उठत नाही. अंगानं मोठा पक्षी, त्याला आधी पाण्यावरून पावलं टाकत धावावं लागतं. आणि पक्षी सहसा वाऱ्याला तोंड करून उड्डाण घेतात. हे एवढं माहीत असलं तर होडीत बसल्याबसल्या पहिला प्रश्न काय पडला पाहिजे? वारा कुठून येतोय! वारा तुमच्या पाठीकडून आणि सूर्यही पाठीकडून असेल, तर थवा तुमच्या दिशेनं धावत येतो आणि ऊन थेट त्याच्या अंगावर असतं. वारा समोरून असेल तर शेपट्यांचे फोटो मिळतात, लेन्स कितीही महागाची असो. मग थव्याकडे बघत राहा. चिखलात खाली गेलेल्या माना वर येतात, सगळे एकाच बाजूला चालायला लागतात. बोट शटरवर ठेवायची वेळ ती.

इथे एक गोष्ट मला बोलायचीच आहे. "दादा, जरा होडी जवळ घ्या, थवा उडवा ना!" हे मी शेजारच्या होडीतून ऐकलंय आणि फार त्रास होतो मला. ते पक्षी तिथे खायला आलेत. डोकं उलटं करून चिखलपाण्यातून बारीक जीव आणि शेवाळ गाळून खातात, त्यात त्यांचा दिवस जातो. प्रत्येक वेळी उडवलं की खाणं थांबतं आणि ताकद खर्च होते ती वेगळीच. शिवाय घाबरून उडालेला पक्षी तुमच्यापासून लांब जातो, पाठमोरा. म्हणजे पक्ष्याला त्रास देऊन मिळतो काय, तर वाईट फोटो. कुरव, म्हणजे सीगल पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकून होडीभोवती गोळा करणं, हेही त्यातलंच. एकानं लिहिलं होतं, "नावाडीच जवळ नेतो, आपण काय करणार?" निघायच्या आधी सांगा ना त्यांना, "दादा, लांबच थांबू, घाई नाही." त्यातल्या कितीतरी नावाड्यांना पक्ष्यांची आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. त्यांना विचारा, मन लावून सांगतात.

बरं, आता तेच मातीत बघू.

सातारा जिल्ह्यातल्या एका जत्रेत मी कुस्तीचे फोटो काढत होते. शेजारी एक म्हातारे वस्ताद बसलेले. ते पुटपुटायचे, "आता पट काढतोय बघ," आणि खरोखर पट, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायचा डाव, निघायचा. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि पुढच्या कुस्त्या नुसत्या त्यांच्याबरोबर बघितल्या. ते म्हणाले, "पोरी, हाताकडं नको बघूस. कंबरंकडं बघ, पायाकडं बघ." हात फसवतात, खडाखडी, म्हणजे हातांची झटापट, चालू असते. पण एकेरी पट काढायच्या आधी पैलवानाचा गुडघा वाकतो, अंग खाली जातं. धोबीपछाड मारायची तर त्याला आधी वळून समोरच्याला पाठ द्यावी लागते, कंबर आत घालावी लागते. पाठ वळली की दाबा! समोरचा पैलवान हवेत दिसल्यावर दाबलंत तर उशीर झालेला असतो. डोळ्यानं बघून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, आणि तेवढ्यात तो मातीवर आलेला असतो. "ताई, माझ्या कॅमेऱ्याचा बर्स्ट स्लो आहे का?" असं विचारणाऱ्यांनी हे वाक्य परत ऐका.

कोल्हापूरला गेलात तर खासबाग मैदान बघाच. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ चं. कुठूनही आखाडा दिसावा अशी त्याची चढती बैठक आहे. तिथे एखादी कुस्ती वरच्या पायऱ्यांवरून बघा. निकालाच्या आधीच गर्दी उठायला लागते. कुस्तीचा फोटो पैलवानांचाच हवा असं कुठंय? ती उठणारी माणसं काढा.

"डोंगर कुठे हलतो?" हीपण कमेंट आहे. डोंगर नाही हलत, उजेड आणि ढग हलतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं, म्हणजे धुक्यावर आपल्याच सावलीभोवती उमटलेलं गोल इंद्रधनुष्य. अनेकजण म्हणतात नशीब लागतं. लागतंच, पण सूर्य तुमच्या पाठीमागे आणि धुकं समोर, खाली दरीत, हे जुळल्याशिवाय नशीबही काही करू शकत नाही. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे तिथे ही संधी सकाळची. हे माहीत असलेला माणूस सकाळी ऊन येताच कड्याकडे जातो. माहीत नसलेला तंबूत पोहे खात असतो. आणि कड्याच्या टोकाला जाऊ नका, पालथं पडूनही नको. फोटो चार पावलं मागूनही येतो.

कास पठारावर टोपली कारवी नावाचं झुडूप ७ वर्षांनी फुलतं. हा हिशोब डोक्यात असणारा माणूस ते वर्ष आलं की आधीपासून तयारीत असतो.

ताडोबाबद्दल एकच. "वाघ दिसला नाही, सफारी वाया." अहो, जंगल सगळं सांगत असतं! वानर ओरडतं, चितळ ओरडतं, ते कधीकधी उगाचही ओरडतात. पण सांबरानं कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा दिला की गाइडसुद्धा गाडी थांबवतात, कारण सांबर सहसा खात्री पटल्याशिवाय ओरडत नाही. त्या वेळी सगळ्यांचे कॅमेरे रस्त्याकडे असतात. तुम्ही सांबराकडे बघा. ताठ झालेले कान, उचललेला पुढचा पाय, वाघाच्या दिशेला रोखलेली नजर. वाघ नसलेला वाघाचा फोटो आहे तो, आणि मला तो फार आवडतो.

मोबाइलवाल्यांनो, तुम्हालाही हे सगळं लागू आहे. लांबचे पक्षी सोडा, तुमच्या गल्लीतल्या कबड्डीच्या सरावाला जा. अर्धा तास नुसतं बघा. रेडर हात टाकायच्या आधी कुठला पाय पुढे घेतो? कोपऱ्यातला पकड करायच्या आधी काय करतो? ते कमेंटमध्ये लिहा. फोटोची लिंक आत्ता नको, निरीक्षण लिहा. पुढच्या व्हिडिओत मी तीच वाचणार आहे, आणि मग त्यावरून उभं कुठे राहायचं ते ठरवू.