भरतीचा ग्राफ: बाहेरचं सरळ, आतलं उलटं

मुंबईचा समुद्र. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर पाण्याची उंची मीटरमध्ये, आणि मधे ही लाट म्हणजे भरती-ओहोटीचा ग्राफ. दिसायला साइनचाच, बारावीला आपण काढलेला, फक्त थोडा ताणलेला आणि सरकवलेला.

आता तो कसा झाला ते बघू. साधा साइन शून्याच्या वरखाली एक-एक जातो, पण भरतीच्या तक्त्यात उंची मोजतात ती अगदी खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून, त्यामुळे मुंबईत सरासरी पाणी येतं साधारण अडीच मीटरवर. म्हणून अडीच मिळवायचे, अख्खा ग्राफ वर. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाणी सरासरीच्या वरखाली पाऊण मीटरच हलतं, आणि पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला तेच पावणेदोन मीटरच्या पुढे जातं, म्हणजे साइनला आधी १.८ ने गुणायचं आणि मग अडीच मिळवायचे. हा क्रम उलटा केलात तर अडीचलाही १.८ लागतो आणि सरासरी पाणीच साडेचार मीटरवर जाऊन बसतं, आणि पावसाळ्यात साडेचारच्या वर भरती म्हटली की महापालिका इशारे देते, तेव्हा क्रम जपा.

हे सगळं बाहेरचं, म्हणजे साइनच्या उत्तरावर केलेलं, सरळ वागणारं. गंमत आत आहे, साइनच्या कंसात, जिथे वेळ बसते. साइनचा एक फेरा ६.२८ चा, म्हणजे तासात धरला तर सव्वासहा तास, आणि भरती ते भरती लागतात १२ तास २५ मिनिटं. ग्राफ दुप्पट रुंद हवाय म्हणून आत दोनने गुणलं तर तो उलट आक्रसतो! गुणायचं अर्ध्याने.

सरकवण्याचंही तसंच. आज भरती ११ वाजता असेल तर उद्या साधारण ११:५० ला, रोज पन्नासेक मिनिटं उशीर, कोळीवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. ग्राफ उजवीकडे गेला, पण सूत्रात वेळेपुढे लिहायचं वजा ५० मिनिटं. का? तर उद्या ११:५० ला घड्याळ बघा, त्यातून ५० मिनिटं काढा, ११ आले, आणि ११ ची उंची कालच्या ग्राफवर आहेच की! वजा आपण घड्याळातून करतोय, ग्राफमधून नाही. पोरं इथेच अडकतात, आणि नुसतं 'वजा म्हणजे उजवीकडे' पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही.

अर्थात खरा समुद्र एका साइनवर भागत नाही, मुंबईत एकाच दिवसातल्या दोन भरत्यासुद्धा सारख्या नसतात. म्हणून १८७९ साली एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या डिझाइनवरून हिंदुस्थानच्या बंदरांसाठी इंग्लंडमध्ये एक पितळी यंत्रच बनवलं गेलं, त्यात प्रत्येक कप्पी म्हणजे एक साइन, तिचा ताण वेगळा, वेग वेगळा, सुरुवातीची जागा वेगळी, आणि सगळ्या कप्प्यांवरून फिरणारी एकच दोरी या सगळ्या साइनची बेरीज थेट कागदावर काढायची.