माणशी एक डबा

श्रोतेहो, नमस्कार. लग्नसराई तोंडावर आली आहे. इंदुरातल्या मराठी घरांत पुण्या-मुंबईचे मुहूर्त निघतील, पत्रिका छापायला जातील, आणि मग प्रश्न येईल, मंडळींना न्यायचं कसं? माझं मत आधीच सांगते. विमान सोडा, आगगाडीनं चला. पैशाचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. मी आज धुराचा हिशेब सांगणार आहे, आणि तो मला शिकवला आमच्या आत्यानं.

पुतण्याचं लग्न ठरलं, मुलगी दादरची. रामबागेतल्या घरी सगळे जमले होते. दादा मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "चाळीस तिकिटं विमानाची काढतो. कुणाला दगदग नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या खाली बसून वाती वळत होती. तिनं आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मान वर न करता तिनं विचारलं, "अरे, विमानात जळतं काय?"

"पेट्रोल असेल."

"घासलेट. शुद्ध केलेलं, पण जातीनं घासलेटच."

मग तिनं एक जुनी पत्रिका मागवली आणि तिच्या पाठीवर गणित मांडलं. इंदूरहून मुंबईला जायला विमान साधारण अडीच टन इंधन जाळतं. आसनं १८०. माणशी आलं चौदा किलो. "आपल्याकडे तो अठरा लिटरचा पत्र्याचा डबा असायचा ना? तो भरला बघ. माणशी एक डबा. येताना दुसरा."

श्रोतेहो, ज्यांनी रेशनच्या रांगेत उभं राहून घासलेट आणलं आहे, त्यांना या डब्याची किंमत सांगायला नको. आत्या पुढे म्हणाली, जळताना घासलेटातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन. म्हणून एक किलो घासलेट जळलं की तीन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे जे जळलं त्याच्या तिप्पट! "चाळीस डबे अंगणात ओळीनं मांड," ती दादाला म्हणाली, "आणि आपल्या हातानं काडी लाव. लावशील?"

दादा गप्प. शेवटी नवरदेवच म्हणाला, "बाबा, मुंबईची अवंतिका एक्सप्रेस बघा."

आणि काय प्रवास झाला तो! दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं हे तर होतंच. पण घाईत अक्षतांच्या पुड्या बांधायच्या राहिल्या होत्या. गाडी सुटली, वहिनीनं तांदळाची पिशवी काढली, रंगीत कागद वाटले, आणि अख्खा डबा कामाला लागला. समोरच्या बाकावर उज्जैनला चढलेलं एक गुजराती जोडपं होतं. त्यांनी विचारलं, "हे काय?" वहिनीनं सांगितलं, तशी त्या बाईंनी पदर खोचला आणि आमच्या कुणाहून सुबक पुड्या बांधल्या. रतलाम यायच्या आत पिशवी रिकामी. दादानं त्यांना तिथंच आमंत्रण दिलं, आणि ती दोघं लग्नाला आली बरं का!

आता गाडी कमी का जाळते? पोलादी चाक पोलादी रुळावरून फार थोडा जोर लावून पुढे जातं. विमानाला स्वतःला दहा-अकरा किलोमीटर वर उचलावं लागतं, गाडीला ते नाही. शिवाय एका गाडीत हजारावर माणसं. नवी इंजिनं ब्रेक लावताना वीज तारेत परतही सोडतात. आपली बरीचशी वीज अजून कोळशाची आहे, हे खरं आहे. पण उद्या ती उन्हापासून आली तरी रूळ तेच, गाडी तीच. विमानाच्या टाकीतलं घासलेट इतक्या सहज बदलत नाही. म्हणून पुन्हा सांगते, विमानानं गेलात तर माणशी एक डबा घासलेट, फक्त जाण्याचं.

वेळ लागतो, कबूल. रतलाम, वडोदरा, सुरत असा मोठा वळसा आहे. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तो लवकर व्हावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्या इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी, दुसऱ्या तुकोजीरावांनी, खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. त्या गावानं रेल्वेचा आग्रह धरायचा नाही तर कुणी धरायचा? आणि ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तीही परत मिळायला हवी. लग्नाला सगळ्यात हौसेनं जातात ते आजी-आजोबाच.

वऱ्हाड न्यायचं असेल तर तारीख धरून ठेवा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस दिवस नाही. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून चाळीस जणांची नावं आणि वयं आधीच कागदावर लिहून ठेवा, आणि ज्येष्ठांसाठी खालचे बर्थ मागा. मुहूर्त निघाला की हॉलच्याही आधी गाडी बघा. नमस्कार.