नेट रन रेट डोक्यातून काढा! बास्केटबॉल वर्ल्ड कपला टीम क्वालिफाय कशी होते

हाय, कसे आहात सगळे. आज लाइट जरा डल आहे कारण बाहेर परळला सकाळपासून भरून आलंय, पण आज शूट करायचंच होतं. क्वालिफायरची मॅच झाली की माझ्या इनबॉक्समध्ये तेच तीन प्रश्न येतात. ताई, आपण हरलो तरी टेबलमध्ये १ पॉइंट कसा? ताई, दोघांचे पॉइंट सेम, मग ती टीम वर का? आणि ताई, एनबीएवाले, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे प्लेअर, कुठेयत? आज तिन्ही सांगते, पण दुसऱ्यावर मी जास्त वेळ घेणार आहे कारण त्यावर मला खरंच राग येतो, का ते पुढे कळेल.

बेसिक पटकन. वर्ल्ड कपला ३२ टीम. पुढचा २०२७ ला कतारमध्ये. युरोपच्या १२, अमेरिका खंडाच्या ७, आफ्रिकेच्या ५, आणि आशिया-ओशनिया मिळून ८, त्यात कतार यजमान म्हणून धरलेला. आपल्या बाजूला १६ टीम, चार-चारचे चार ग्रुप, प्रत्येक ग्रुपमधले वरचे तीन पुढे जातात. मग १२ टीमचे सहा-सहाचे दोन ग्रुप होतात, आणि पहिल्या राउंडचे रिझल्ट सोबत येतात, पाटी पुसली जात नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्या राउंडला आपल्या ग्रुपमध्ये ह्या वेळी लेबनॉन, सौदी आणि कतार. दोन्ही ग्रुपमधले पहिले तीन आणि चौथ्या नंबरवाल्यांतली चांगली एक, झाल्या सात, आणि कतार आठवा. बस.

सगळ्या मॅचेस एक आपल्या घरी, एक त्यांच्या घरी. हे २०१७ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालं, त्याआधी आपापल्या खंडाची चॅम्पियनशिप खेळायची, तिथे वर आलात की वर्ल्ड कप. आता नोव्हेंबर, फेब्रुवारी, जुलै-ऑगस्ट अशा विंडो असतात, थोडे दिवस खेळायचं आणि परत आपापल्या क्लबला.

इथेच एनबीएचं उत्तर मिळतं. नोव्हेंबर-फेब्रुवारीत एनबीएचा सीझन ऐन रंगात असतो, ते प्लेअर सोडत नाहीत, आणि युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या युरोलीगचंही तसंच. म्हणून अमेरिका क्वालिफायरला ‘जी लीग’ ह्या एनबीएच्या खालच्या लीगमधली पोरं घेऊन जाते आणि वर्ल्ड कपला वेगळीच टीम उतरवते. एकाने लिहिलंय की "मग ह्या क्वालिफायरला अर्थ काय". अरे दादा, अर्जेंटिनाला विचार! २०१९ च्या वर्ल्ड कपची फायनल खेळलेली टीम, स्पेनकडून हरली, रनर-अप. आणि २०२३ च्या वर्ल्ड कपला आलीच नाही, कारण शेवटच्या दिवशी स्वतःच्या घरी डॉमिनिकन रिपब्लिककडून हरली. आणि त्याच वर्ल्ड कपला दक्षिण सुदान पहिल्यांदा आला, २०११ ला जन्मलेला देश, ज्याच्याकडे स्वतःचं धड इनडोअर कोर्ट नव्हतं. एनबीए खेळून आलेला लुओल डेंग त्यांच्या फेडरेशनचा अध्यक्ष, त्याने स्वतःचे पैसे घातले. ती टीम तिथून थेट पॅरिस ऑलिंपिकला गेली. हे सगळं ह्याच विंडोंमधून झालंय, म्हणून मला अर्थ काय विचारू नका.

बरं, हरल्याचा १ पॉइंट. जिंकलात २, हरलात १, आणि आलाच नाहीत तर ०. ड्रॉ नसतो, बरोबरी झाली की ओव्हरटाइम. तो १ पॉइंट कोर्टवर उतरल्याचा आहे, उपकार नाही. मागच्या वेळी दक्षिण कोरिया कोविडमुळे फेब्रुवारी २०२२ च्या मॅचेसला मनिलाला जाऊ शकला नाही, डिस्क्वालिफाय झाला, आणि त्याच ग्रुपमध्ये असलेले आपण एकही मॅच न जिंकता दुसऱ्या राउंडला गेलो. मला त्यात आनंद झाला नव्हता, पण आपली टीम विंडो चुकवत नाही, खेळायला जाते, ह्याची किंमत तिथे कळली.

आता मेन गोष्ट.

[व्हाइटबोर्ड]

दोन टीमचे पॉइंट सेम झाले. तुम्ही लगेच काय करता? कॅल्क्युलेटर काढता आणि सगळ्या मॅचेसच्या स्कोअरमधल्या फरकाची बेरीज करता, कारण आयपीएल बघून बघून आपल्या डोक्यात नेट रन रेट बसलाय. इथे ते पहिलं नाही! आधी फक्त त्या दोघांच्या आपसातल्या मॅचेस बघायच्या. समजा मी घरी ८०-७२ जिंकले, म्हणजे अधिक ८. समोरच्या टीमकडे जाऊन ६५-७१ हरले, उणे ६. मी २ ने वर. संपलं. बाकीच्या ग्रुपमध्ये तिने सगळ्यांना चोपून एकूण अधिक ९० केलं असेल आणि माझं उणे २० असेल, तरी वर मीच.

परत सांगते, कारण मागच्या व्हिडिओखाली ह्यावरच भांडणं झाली. क्रम असा: आधी सगळे पॉइंट. ते सेम असतील तर बरोबरीत असलेल्यांच्या आपसातल्या मॅचेसचे पॉइंट. तेही सेम असतील तर त्याच मॅचेसमधला फरक. मग त्याच मॅचेसमध्ये तुम्ही एकूण किती स्कोअर केला. आणि हे सगळं सेम निघालं तरच पूर्ण ग्रुपमधला फरक. तीन टीम अडकल्या तर त्या तिघांचंच छोटं टेबल काढायचं, खालच्या टीमला तुम्ही ५० ने हाणलंय ना, ते ह्या टेबलात येतच नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. मॅच १५ ने जिंकल्यात जमा आहे, तीस सेकंद राहिलेत, आणि टीम टाइमआउट घेऊन थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारायचा प्लॅन करते. खाली कमेंट येते, "जिंकलेत तरी उद्धटपणा, स्पोर्ट्समनशिप नाही." हे वाचून मला फार त्रास होतो. अहो, पहिली मॅच ते त्यांच्या घरी १६ ने हरलेले असतात! १५ ने जिंकून ते अजून मागेच आहेत, त्यांना अजून दोन पाहिजेत. साध्या मॅचमध्ये शेवटी बॉल धरून घड्याळ संपू देणं सभ्यपणा असेल, मान्य. इथे तोच सभ्यपणा तुम्हाला घरी पाठवतो. आणि उलट, १० ने हरणारी पोरं शेवटच्या बॉलसाठी जमिनीवर उड्या मारतात तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून टीव्ही बंद करू नका, प्लीज, खरी मॅच तेव्हाच चालू असते.

हे मला कसं माहीत? मी भोगलंय. कॉलेज संपल्यावर आमची एक लोकल लीग होती, एक मॅच आमच्या कोर्टवर, एक समोरच्यांच्या. घरी आम्ही ५२-४१ जिंकलो, अकराने. परतीच्या मॅचला शेवटचे आठ सेकंद, आम्ही ४८-५८ मागे, बॉल त्यांच्याकडे. दहाने हरलो असतो तर आपसात आम्ही एकाने वर राहिलो असतो. पण आमच्यातल्या कुणालाच ते हिशेबाने माहीत नव्हतं, हरलोच म्हणून आम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलो, आणि माझ्या समोरची मुलगी कोपऱ्यात मोकळी होती, तिला अडवायला मी हात वर केला नाही. तिने थ्री मारला. ६१-४८. तेराने हरलो. लीगच्या शेवटी दोघांचे ९ पॉइंट, पुढे त्या गेल्या. घरी जाताना ट्रेनमध्ये आमच्यात कुणी बोललं नाही. तो हात मला आजही आठवतो, म्हणून मी हे सारखं सारखं सांगत बसते.

मुंबईत ह्या खेळाची जागा म्हणजे नागपाडा, हे माहीत नसेल तर एकदा संध्याकाळी जाऊन बघा. अब्बास मुंतसीर तिथले, भारताचे कॅप्टन, १९७० चा अर्जुन पुरस्कार. वरळीच्या डोममध्ये २०१९ ला एनबीएच्या दोन टीम, किंग्ज आणि पेसर्स, आल्या तेव्हा शहर अख्खं बास्केटबॉल बोलत होतं, पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ लागली होती. ते दोन दिवस गेले आणि आता आपली स्वतःची टीम क्वालिफायर खेळते तर लिंक मागायला चार जण असतात. भारत वर्ल्ड कप कधीच खेळला नाही, ऑलिंपिक एकदाच, १९८० चं मॉस्को. पण २०१४ ला वुहानमध्ये चीनला त्यांच्याच घरी ६५-५८ हरवलंय आपण. म्हणून मी बघते, उणे वीस असताना पण बघते.

चला, जाता जाता एक सोडवा. तुमचे नि समोरच्यांचे दोघांचे ९ पॉइंट. घरी तुम्ही ७०-६६ जिंकलात, बाहेर ७७-८१ हरलात. आपसातला फरक शून्य. आता दोघांनी त्या दोन मॅचेसमध्ये किती किती केले ते मोजा, आणि मग सांगा पुढे कुठला आकडा बघायचा. उत्तर खाली लिहा, आणि नेट रन रेट लिहिणाऱ्यांनी व्हाइटबोर्डवाला भाग परत लावा.