लॅपटॉप बंद पडला, पण कसा?

श्रोतेहो, नमस्कार.

‘लॅपटॉप मधेच बंद पडतो.’ दुरुस्तीच्या दुकानात एवढं एकच वाक्य सांगितलं, तर बहुतेक वेळा नवी बॅटरी गळ्यात पडते. बॅटरी बदलते, पण दुखणं तसंच राहतं. कारण वीज तुटली काय किंवा आत उष्णता साचली काय, आपल्याला दिसतो तो काळा पडदाच. फरक असतो तो बंद पडण्याच्या तऱ्हेत, आणि ती ओळखायला एक पैसाही लागत नाही.

चार्जरची पिन काढताक्षणी लॅपटॉप विझला, तर बॅटरी संपलेली आहे किंवा तिची जोडणी सुटली आहे. पिन जरा हलवली की चार्जिंगचा दिवा लुकलुकतो, तर जॅक ढिला आहे किंवा वायर आतून तुटली आहे. बॅटरी 30 टक्के दाखवत असताना जड काम सुरू केलं आणि पटकन अंधार झाला, तर ते म्हाताऱ्या बॅटरीचं लक्षण. जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो. एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. याउलट लॅपटॉप आधी मंदावतो, पंखा घोंघावतो, दहा-पंधरा मिनिटांनी सगळं बंद होतं आणि थोडं थंड झाल्याशिवाय नीट चालत नाही, तर ती उष्णता. अशा वेळी बॅटरी बदलण्याच्या फंदात पडू नका.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर नावाची नोंद सापडते. तिचा क्रमांक 41 असेल, तर मशीन नीट बंद न होता पडलं एवढंच कळतं. तेवढ्यावरून निदान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. क्रमांक 86 मात्र उष्णतेमुळे बंद केल्याचा असतो.

आता आधी विजेची बाजू पाहू, आणि बाहेरून आत जाऊ. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीत लावा. अडॅप्टरच्या विटेत घुसणारी, तीन भोकांची जाड वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. ही वायर सैल असल्याचं कोणाच्याच ध्यानात येत नाही, आणि मग अख्खा अडॅप्टर नवा घेतला जातो.

मग अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुटसमोर समजा 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअर लिहिलं आहे. दोन्हींचा गुणाकार 65 वॉट. दुसरा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेच हवेत, पिनची जाडी आणि ध्रुवांची खूण तीच हवी, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. जास्त अँपिअरने लॅपटॉप जळतो हा गैरसमज आहे. लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी अँपिअरचा मात्र त्रास देतो. 65 वॉट मागणाऱ्या लॅपटॉपला 45 वॉटचा लावला, तर चार्जर लावूनही बॅटरी उतरत जाते, मशीन रेंगाळतं आणि अडॅप्टरला हात लावणं कठीण होतं.

काही कंपन्यांच्या गोल पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती वीज वाहून नेत नाही, अडॅप्टरची ओळख पटवते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू ठेवला जातो. अशा वेळी बॅटरी बदलणं म्हणजे पाय मोडलेल्याला चष्मा देणं.

मल्टिमीटर असेल तर डीसीच्या 200 व्होल्टच्या रेंजवर ठेवून पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यावर टोकं लावा. लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास रीडिंग यायला हवं. अडॅप्टरवरचा दिवा नुसता असताना लागतो आणि लॅपटॉपला जोडताच विझतो, तर अडॅप्टर बरा असून लॅपटॉपच्या आत शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. लगेच पिन काढा. पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. टाइप-सी चार्जरचं गणित निराळं. लॅपटॉपशी बोलणं झाल्याशिवाय तो 20 व्होल्ट सोडतच नाही, त्यामुळे नुसत्या वायरीवर मीटर लावून काही समजत नाही. आणि 60 वॉटच्या पुढे जायचं तर केबलमध्ये ओळखीची चिप असावी लागते. चार्जर 100 वॉटचा, केबल मोबाइलची, अशी जोडी असेल तर दोष केबलचा आहे.

लॅपटॉप पूर्ण मेल्यासारखा असेल, एकही दिवा लागत नसेल, तर उघडण्याआधी एक उपाय करा. चार्जर काढा, निघणारी असेल तर बॅटरी काढा, यूएसबीला लावलेलं सगळं काढा आणि पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून सुरू करा. वीज सांभाळणारी एक छोटी चिप कधीकधी अडकून बसते, ती यामुळे भानावर येते. बॅटरी आत बंद असलेल्या काही मॉडेलांच्या तळाला यासाठीच टाचणीएवढं छिद्र दिलेलं असतं. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, असं असेल तर दुखणं बहुधा विजेचं नाही. रॅम काढून पुन्हा बसवून पाहा.

बॅटरीची तब्येत अंदाजाने ठरवायची गरज नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला तेही तिथेच दिसतं. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ 42,000 आणि आज 21,000 असेल, तर निम्मी बॅटरी गेली. दिवसभर चार्जर लावूनच काम करणाऱ्यांनी कंपनीच्या सेटिंगमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा असेल तर ती लावावी; लिथियमचे सेल पूर्ण भरलेले आणि गरम, अशा अवस्थेत सर्वांत लवकर झिजतात.

टचपॅड दाबला जाईनासा झाला, तळ फुगला, लॅपटॉप टेबलावर डुगडुगायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तत्काळ थांबवा. तिला दाबू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ती सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडेच जायला हवी.

लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार आपल्याकडे फार. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कनव्हर्टरमध्ये घातलेला असतो, किंवा सॉकेटला अर्थिंगच नसतं. अडॅप्टरमधल्या फिल्टरची किंचित गळती जमिनीत जायची ती तुमच्यातून जाते. लॅपटॉप नव्हे, घरचं अर्थिंग दुरुस्त करा. आणि वळवाचा पाऊस कडकडायला लागला की प्लग काढून ठेवा. विजेच्या लाटेपुढे साधा एक्स्टेंशन बोर्ड काही करू शकत नाही.

आता उष्णता. बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. पंखा आत ओढतो ती खोलीचीच हवा, त्यामुळे खोली जितकी तापेल, साधारण तितकाच प्रोसेसर वर चढतो. 25 अंशांच्या खोलीत 78 वर असणारा प्रोसेसर 43 अंशांत 96 च्या आसपास जाईल. अनेक प्रोसेसरांची मर्यादा 95 ते 100 अंश असते. तिथे पोचले की ते स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे थंडीत नाशिकला चांगला चालणारा लॅपटॉप उन्हाळ्यात विदर्भात रडतो, तेव्हा तो बिघडलेला असेलच असं नाही. बॅटरीही फार तापली की चार्जिंग थांबवते. ‘चार्ज होत नाही’ ही मे महिन्यातली तक्रार कित्येकदा संध्याकाळी आपोआप मिटते.

अशा दिवसांत मागची बाजू दोन सेंटिमीटर उचला, गादी-उशीवर ठेवू नका, टेबलफॅन लावा. वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतात मात्र नको, त्या हवेतून तुषार येतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 वरून 99 टक्क्यांवर आणली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बऱ्याचदा बंद होतो आणि बऱ्याच मशीनवर तापमान लगेच उतरतं. टायपिंग, ऑनलाइन वर्ग, हिशेब यांत फरक जाणवत नाही. बॅगेतून काढल्यावर लॅपटॉप भाजका निघत असेल, तर तो स्लीपमध्ये असताना आतल्या आत जागा झालेला असतो. बॅगेत भरताना शटडाउन करा.

एवढं करूनही नुसता पडदा चालू असताना पंखा ओरडतो, तर टास्क मॅनेजर उघडा. एखादा प्रोग्रॅम सतत प्रोसेसर खात असेल तर तोच बंद करा. काहीच चालू नाही आणि तरीही तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडा 70 च्या वर, तर आत बहुधा धूळ आहे.

ही धूळ पंखा आणि तांब्याच्या बारीक पात्यांच्या जाळीमध्ये नमद्यासारखी जमते. ती आतल्या बाजूला असते, म्हणून बाहेरून फुंकर मारली की ती मागे सरकते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर मुळीच नको. त्यातून पाणी आणि तेल येतं. त्याची हवा पंख्याला इतकं गरागरा फिरवते की बेअरिंग जातं आणि फिरता पंखा उलटी वीज तयार करतो. म्हणून झाकण उघडून कधी हवा मारलीच, तर पातं बोटाने धरायचं.

उघडायचं ठरवलं तर बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात घट्ट केला तर मदरबोर्डला भोक पडतं. रबरी पायांखालीही स्क्रू लपलेले असतात. झाकण निघालं की सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग बाकीचं. पंखा दोन-तीन स्क्रूंनी निघतो. जाळीतला नमदा चिमट्याने ओढा, उरलेलं मऊ ब्रशने झाडा. बऱ्याच लॅपटॉपांचं काम इथेच होतं आणि पेस्टपर्यंत, म्हणजे चिपवरच्या उष्णतावाहक लेपापर्यंत, जावंच लागत नाही.

पेस्ट बदलायचीच असेल तर हीट सिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता तांब्याच्या नळीतून जाळीपर्यंत नेणाऱ्या भागाच्या, स्क्रूंजवळचे आकडे बघा. सोडवताना उलट्या क्रमाने थोडं थोडं, आवळताना सरळ क्रमाने. जुनी पेस्ट 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, चिप मोठी असेल तर दोन दाणे, आणि चिपचा चकचकीत चौकोन पूर्ण झाकला जाईल इतकी पातळ पसरलेली. शेजारच्या चिपांवरचे मऊ पॅड काढून तिथे पेस्ट लावू नका. ते पॅड मिलिमीटरभराची फट भरून काढतात, पेस्ट ती भरू शकत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये पाऱ्यासारखा चकाकणारा द्रव दिसला तर झाकण परत लावा. तो वीजवाहक असतो, एक थेंब घसरला तर बोर्ड जातो.

कोकणात आणि गोव्यात धुळीइतकाच त्रास दमट, खाऱ्या हवेचा. जॅकवर आणि कनेक्टरवर हिरवट गंज धरतो, पंखा खरखरतो. त्याच अल्कोहोलने ब्रशने पुसून पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात लॅपटॉप महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका. अधूनमधून चालवला की आतला ओलावा निघतो.

सगळं बसवल्यावर तापमान दाखवणारा एखादा फुकट प्रोग्रॅम लावा आणि आधी ज्या कामाला लॅपटॉप तापायचा तेच काम, त्याच खोलीत, पंधरा मिनिटं करा. आकडा दहा-पंधरा अंशांनी खाली आला तर ठीक. नाही आला, पंखाही फिरतो आहे, तरी मागून निघणारी हवा गारच आहे, तर हीट सिंक चिपवर नीट टेकलेलं नाही, किंवा त्या तांब्याच्या नळीतला द्रव निघून गेला आहे. नळी दुरुस्त होत नाही. त्याच मॉडेलचं अख्खं हीट सिंक बदलावं लागतं. मॉडेलचा क्रमांक तळाच्या स्टिकरवर असतो, त्याचा एक फोटो काढून ठेवा.

नमस्कार.