ऊन मुरवणारी शाळा

जानेवारीचा महिना. लडाखमधलं फे गाव, लेहपासून जवळच, सिंधूच्या काठी. रात्री पारा उणे १५ च्याही खाली जातो. लडाखच्या शाळांना या दिवसांत लांब सुट्टी असते. वर्ग उबदार ठेवायचा तर बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटवावी लागते, आणि बुखारीला लाकूड, शेण्या नाहीतर रॉकेल हवं. झाडं इथे मोजकीच. रॉकेल डोंगर ओलांडून येतं.

या वर्गात मात्र बुखारी नाही. मुलं खाली बसून निवांत अभ्यास करताहेत.

हे सेकमोलचं आवार. १९८८ साली सोनम वांगचुक आणि त्यांच्या सोबतच्या लडाखी तरुणांनी ही संस्था सुरू केली. दहावीला नापास झालेल्या मुलामुलींना इथे राहून शिकता येतं, आणि आवारातली बरीचशी कामंही तीच सांभाळतात.

आता इमारतीचं तोंड कुठे आहे ते पाहा. मोठ्या काचा सगळ्या दक्षिणेला. लेह साधारण ३४ अक्षांशावर. डिसेंबरात भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, त्यामुळे तिरपं ऊन खोलीत पार आतपर्यंत शिरतं. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर असतो. तेव्हा थोडं पुढे आलेलं छप्परही काचांवर सावली धरायला पुरतं.

आत आलेलं ऊन साठवतात त्या या मातीच्या भिंती. साच्यात ओलसर माती थराथराने भरायची आणि धुमसाने चोपायची. विटांची भट्टी नाही. अशी जाड भिंत दिवसभर सावकाश तापते आणि रात्रभर सावकाश ऊब सोडते. हिवाळ्यात दक्षिणेच्या अंगाला, आपल्याकडे पॉलिहाऊसला लावतात तसा प्लास्टिकचा कागद ताणतात. त्यामागे तापलेली हवा वर्गात येते. उन्हाळा लागला की कागद काढून ठेवतात. मातीला गरिबाचं बांधकाम म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की २०१६ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ शहरात इथल्या मुख्य इमारतीला मातीच्या वास्तूंसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला.

सौर पॅनेलही आहेत, पण ते विजेपुरते. वर्ग तापवायचं काम त्यांच्यावर टाकलेलं नाही, आणि या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय हाच. चांगलं पॅनेलसुद्धा अंगावर पडलेल्या उन्हातला साधारण पाचवा हिस्साच विजेत उतरवतं. त्या विजेवर हीटर लावण्यापेक्षा ऊन सरळ भिंतीत मुरू द्यावं.

हीच इमारत जशीच्या तशी विदर्भात उभी केली, तर मुलं भाजून निघतील. नागपूर २१ अक्षांशावर. मेच्या अखेरीस सूर्य अगदी माथ्यावर, म्हणजे सगळा मारा छपरावर. तापलेल्या पत्र्याखाली वर्ग भरवायचे आणि पंखे वाढवत जायचे, हा उपाय नव्हेच. तिथे पूर्व-पश्चिमेच्या भिंतींत खिडक्या कमीत कमी हव्यात, कारण सकाळ-संध्याकाळचं आडवं ऊन छज्ज्याला जुमानत नाही. दक्षिण-उत्तरेला समोरासमोर खिडक्या, खोल व्हरांडा, गच्चीला चुन्याचा पांढरा हात. पॅनेल गच्चीपासून उंच सांगाड्यावर बसवले, तर वीजही मिळते आणि स्लॅबवर सावलीही पडते. मेच्या सुट्टीत वर्ग बंद असतात, ऊन मात्र भरपूर. ती वीज नेट मीटरिंगने महावितरणकडे जाते आणि पुढच्या महिन्यांच्या बिलांतून वळती होते.