भीमगडचं रान आणि रात्रीची राखण

नमस्कार मंडळी. खानापूर, बेळगाव, चंदगड, हल्याळकडनं जे कोण ऐकत असतील त्या सगळ्यांना रामराम. आज भीमगडच्या रानाबद्दल बोलायचंय.

आपल्याकडं पावणं आलं की आपण त्यांना सरळ दांडेलीला नेतो, रिसॉर्ट, राफ्टिंग, जीपमधनं फेरी, सगळं झालं की घरी. आणि आपल्याच खानापूर तालुक्यातलं एवढं मोठं रान गाडीच्या काचेतनं बघून सोडून देतो. तिकडं अणशीला १९८७ साली नॅशनल पार्क झालं, भीमगडला अभयारण्य व्हायला २०११ चा डिसेंबर उजाडला. क्षेत्र साधारण १९० चौरस किलोमीटर. दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, आणि मधे भीमगड. म्हणजे वाघाला इकडनं तिकडं जायचं तर वाट आपल्या तालुक्यातनं जाते.

आणि पाणी. कणकुंबीला मलप्रभा उगवते, ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. देगावच्या बाजूला म्हादई उगवते, ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. परत सांगतो, मलप्रभा पूर्वेला, म्हादई पश्चिमेला. एका तालुक्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांत जातो, आणि तो धरून ठेवतं ते हे रान.

आता एक गोष्ट सांगतो. माझ्या दोस्ताचं गाव ह्या रानाच्या पोटात आहे. दिवाळी होऊन गेलेली, भात कापणीला आलेलं, आणि त्याचे आज्जा रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला असायचे, तर आम्ही पण गेलो. थंडी अशी की घोंगड्यातनं हात बाहेर काढवत नव्हता. मध्यरात्र उलटल्यावर आज्जांनी माझं मनगट धरलं. मला काहीच दिसंना. दोस्तानं बॅटरी मारली तर शेतात नुसते पांढरे पाय चालत होते, वर काहीच नाही. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात आणि अंग काळं, त्यामुळं अंधारात आधी पायच दिसतात. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, पण चालताना आवाज म्हणाल तर भाताच्या लोंब्या घासल्याचा, तेवढाच.

दोस्तानं पत्र्याचा डबा बडवला तसा कळप उधळला, बांध ओलांडून रानात गेला. एक मादी मात्र जाईना. चार पावलं पुढं जायची, परत यायची, नाकातनं फुस्स करून श्वास सोडायची. बघतोय तर खालच्या चरात तिचं पिल्लू पडलेलं, बदामी रंगाचं, आणि काठ उभा असल्यामुळं त्याला चढता येत नव्हतं. दोस्तानं परत डबा उचलला तर आज्जा म्हणाले, "ठेव तो. बॅटरी पण बंद कर. आई हाय ती."

मग आम्ही अंधारात बसलो. चिखलात खूर घसरल्याचा आवाज, मधेच आईचा हुंकार, आणि तिच्या येरझाऱ्यांत भात मोडतंय ते आम्हाला वर ऐकायला येतंय. दोस्त कळवळून म्हणतोय, आज्जा, अख्खा वाफा जातोय. आज्जा म्हणाले, "जाऊ दे. पिल्लू टाकून गेली तर उद्या दिवसाढवळ्या हुडकत येईल, आणि तवा शेतात बायकापोरं असत्यात." कितीतरी वेळानं पिल्लू वर आलं, आणि दोघं गेली.

सकाळी बघितलं तर वाफा आडवा झालेला. आज्जा काही बोलले नाहीत. घरातनं कुदळ आणली आणि त्या चराचा उभा काठ तोडून उतार काढून ठेवला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "परत पडंल की."

माझं स्पष्ट मत आहे, असं नुकसान झालं की पंचनाम्याला माणूस चिखलात ठसे आहेत तोवर यायला पाहिजे. भात कापून, मळणी होऊन गेल्यावर येऊन काय बघणार? रानाचं कौतुक आपण शहरात बसून करतो, राखण ही माणसं करतात.

तर, ह्याच रानात बारापेडेच्या गुहा आहेत आणि तिथं एक वटवाघूळ राहतं, मोठ्या कानांचं, रॉटनचं वटवाघूळ म्हणतात. १९१३ साली त्याची शास्त्रात नोंद झाली, आणि पुढं ऐंशीवर वर्षं जगात ते फक्त इथंच माहीत होतं, मग मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. वाघळं अपशकुनी म्हणून गुहेच्या तोंडाशी धूर करणारी, फटाके लावणारी माणसं असतात, त्यांनी कृपा करून हे सोडावं. ही वाघळं किडे खातात, कुणाचं काही बिघडवत नाहीत.

चोर्ल्याच्या नाहीतर हेम्मडग्याच्या रस्त्यानं रात्री जाणार असाल तर गाडी हळू चालवा. माकडांना कुरकुरे टाकू नका. गवा रस्त्यावर दिसला तर लांबच थांबा, लाईट डीम करा, हॉर्न मारू नका, आणि एक गेला म्हणून लगेच गाडी काढू नका, मागं पिल्लू असतंय. सगळी पार झाली की मग जा. नमस्कार.